क्वालिफाइड या शब्दाचा दुसरा अर्थ

विशाखाताई,

तुमच्या जलदान विधीला मला दोन शब्द बोलण्यास सांगण्यात आले आणि मी एकच वाक्य बोललो. ‘ताई क्वालिफाइड होत्या,’ एवढे म्हणून मी खाली बसलो. मंडपातल्या लोकांना वाटले, अर्जनवीसाला गहिवरून आले. तीस वर्षे दुसऱ्यांच्या तोंडचे शब्द कागदावर बसवणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द सुचू नयेत, याची काहींनी हळहळही व्यक्त केली. वस्तुस्थिती निराळी होती. तो शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणी त्याचा दुसरा अर्थ मला आठवला. तो तुम्हीच मला सांगितला होतात. त्यासरशी माझी जीभ जागच्या जागी थांबली. समोर तुमचा फोटो होता. भंतेजींच्या डाव्या हाताला तुमची आई गयाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. म्हणून जे तेव्हा बोलायला हवे होते ते आता लिहीत आहे.

मायना सुचला नाही, असे माझ्या बाबतीत आजवर झाले नव्हते. तहसीलदार साहेबांना ‘मेहेरबान’, बँकेच्या मॅनेजरला ‘महोदय’, घर सोडून गेलेल्या बापाला ‘तीर्थरूप’. कोणाच्या नावाआधी काय लिहावे, याबाबत शिरूर तालुक्यात माझा शब्द अखेरचा मानला जातो. हे मी आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही, सर्वश्रुत आहे म्हणून लिहितो. परंतु शेजारच्या टेबलावरून कायमच्या उठून गेलेल्या बाईला काय लिहावे, याचा नमुना माझ्याजवळच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तेव्हा नुसते नाव लिहिले आहे. ते तुम्हाला पटले असते. ‘भाऊ, तुमच्या अर्जात नवरदेवापेक्षा वरात मोठी असती,’ असे तुम्ही नेहमी म्हणायचात.

आपली ओळख त्या शब्दावरूनच झाली. सासर सोडून तुम्ही आईकडे परत आला होतात. एका सकाळी रिक्षातून टायपिंगचे मशीन उतरवून तुम्ही तहसीलच्या फाटकाबाहेर, माझ्या टेबलाला लागून टेबल मांडलेत. माझ्या पाठीमागे पाटी होती. मराठीत माझे नाव, आणि खाली इंग्रजीत ‘क्वालिफाइड अर्जनवीस’. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले असून पुढील शिक्षण मी व्यवहारात घेतले आहे. तो शब्द मी एका डॉक्टरच्या पाटीवर पाहिला होता आणि तो मला वजनदार वाटला होता. तुम्ही मशीनवरचे फडके झटकलेत आणि पाटीकडे बघत राहिलात.

“भाऊ, हे क्वालिफाइड कशात?”

“कशात म्हंजे? अर्ज लिहिण्यात.”

“ते बराबर हाय. पर पाटीत एक एल जास्तीचा पडलाय.”

“रंगाऱ्याची चूक हाय ती.”

“मग रंगारी क्वालिफाइड न्हवता म्हणा की!”

भोवतालचे पक्षकार हसले. मी हसलो नाही. त्या पाटीकडे सर्वांनी पाहिले होते, परंतु ती वाचणारे माणूस इतक्या वर्षांत तुम्ही पहिलेच होतात, हे मात्र मला त्या दिवशी कळून चुकले.

त्यानंतर दुपारच्या भाकरीच्या वेळी आपला जो वाद सुरू झाला तो तुम्ही जाईपर्यंत मिटला नाही. माझे म्हणणे असे की, इंग्रजीने कितीही शब्द पाडले तरी आपल्याकडे ‘लायक’ हा एकच शब्द पुरेसा आहे. माझे आजोबा निजामाच्या कचेरीपुढे अर्ज लिहीत, तेव्हाही तो चालत होता, आजही चालतो. तुमचे म्हणणे असे की, मी तीन निरनिराळी माणसे एकाच गोणीत भरतो.

“एलिजिबल म्हंजे ज्याला दारातून आत येऊ देत्यात तो. क्वालिफाइड म्हंजे आत आल्यावर ज्याला काम येतं तो. आन् सूटेबल म्हंजे...”

“म्हंजे?”

“ज्याला बघून साहेबाच्या कपाळाला आठी पडत न्हाई, तो.”

“अवो, हे तिन्ही एकाच माणसाला लागू पडतं.”

“तुमाला पडत असंल, भाऊ,” असे म्हणून तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात.

मग आईची गोष्ट सांगितलीत. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, हे आपल्या तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. “माझी माय मोळी अशी बांधायची, का वरून फेकली तरी सुटत नसं. बाप गेला, आन् मुकादम म्हणला, गयाबाई, अर्धा कोयता मी कुठं नेऊ? आता सांगा, माय क्वालिफाइड होती का न्हाई?”

“होती.”

“एलिजिबल?”

मी पाण्याची बाटली उघडली.

“बसवा आता दोन्ही तुमच्या एका ‘लायक’मधी.”

हरायचे नाही म्हणून मी ‘पात्र’ हा शब्द पुढे केला. शुद्ध मराठी, शासनमान्य. तुम्ही म्हणालात, तो तर सर्वांत गमतीचा. भांडे म्हणजे पात्र, नाटकातला माणूस म्हणजे पात्र. “आन् नदीचं बी पात्रच. ही आपली सिंदफणा घ्या. थेंब न्हाई तिच्यात, तरी तिला कुणी अपात्र म्हणत न्हाई. माणसालाच तेवढं म्हणत्यात.” त्यातला विनोद समजायला मला संध्याकाळ झाली आणि त्यात विनोद नव्हता हे समजायला काही वर्षे.

एक गोष्ट मी प्रथमच लिहून देत आहे. माझी भाषा निर्दोष आहे, अशी ख्याती आहे. माझ्या मसुद्यातले ऱ्हस्व-दीर्घ, विसरलेली तारीख, एका पानावर बदलून गेलेला गट नंबर, हे सर्व तुमच्या मशीनमधून जाताना दुरुस्त होत असे. तुम्ही कधी सांगितले नाहीत, मी कधी विचारले नाही. अर्ज हातात आला की मी तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवत असे, आणि तुम्ही पुढचा कागद मशीनला लावत असा.

आता त्या दुष्काळी सालाबद्दल लिहिणे भाग आहे.

शिमग्याच्या आधीच विहिरी बसल्या होत्या आणि कडब्याच्या गंजी संपल्या होत्या. तुमच्या गावच्या दूध संस्थेने चारा छावणी मागायचे ठरवले. छावणी मिळाली तर जनावरे गावातच जगणार होती, नाही तर बाजारात जाणार होती. संस्थेचे चेअरमन आबासाहेब कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांत बाहेरगावच्या लेखापरीक्षकाचा इंग्रजी अहवाल होता. आबासाहेबांना इंग्रजी येत नव्हते, आणि मला येते असा त्यांचा समज होता. तो मी कधी मोडला नव्हता. अहवालावर बोट फिरवताना मला ओळखीचा एकच शब्द भेटला आणि तो पाहून गर्दीत आपला पाहुणा दिसावा तसा आनंद झाला.

“आबासाहेब, काम झालं! ऑडिटरनं सोता क्वालिफाइड म्हणलंय संस्थेला.”

“म्हंजे आता घोर न्हाई?”

“कसला घोर? हेच वर घालू. लाल रेघ मारून.”

मी मसुदा केला: ‘सदरहू संस्थेस लेखापरीक्षकांनी क्वालिफाइड असा शेरा दिलेला असून संस्था छावणी चालविण्यास सर्वतोपरी लायक आहे.’ वाक्य मला फार आवडले होते. तुम्ही निम्म्यावर मशीन थांबवलेत आणि अहवाल मागून घेऊन दोनदा वाचलात.

“भाऊ, हे असं न्हाई लिहिता यायचं.”

“कावून?”

“ह्या जागी ह्या शब्दाचा अर्थ उलटा हाय. ऑडिटर म्हणतोय, बाकी समदं ठीक हाय, परंतु चाऱ्याचा साठा आमाला तपासता आला न्हाई. त्या ‘परंतु’ला हितं क्वालिफाइड म्हणत्यात.”

“ताई, क्वालिफाइड म्हंजे लायक. शेंबड्या पोराला माहीत हाय.”

“माणसाला लावला तर लायक. मताला लावला तर अडखळलेलं मत. सोयरे निरोप धाडतेत ना, पोरगी चांगली हाय, पर उंचीला कमी हाय? तसं.”

आबासाहेब मोठ्याने हसले. “मग लगीन मोडलंच म्हणा की!”

“मोडलं न्हाई अजून. साठा मोजा, रजिस्टर करा, दोषदुरुस्ती अहवाल जोडा. परंतु निघून जातंय. चार दिवसांचं काम हाय.”

चार दिवसांचे काम होते, ताई. तुम्ही बरोबर होतात, हे मला तेव्हाही आतून कळले असावे; कारण चुकीच्या माणसाचा इतका राग येत नाही. परंतु आबासाहेब समोर होते, फाटकापाशी लोक उभे होते, आणि माझ्या पाटीवरचा शब्द माझ्यापेक्षा शेजारच्या टायपिंगवाल्या बाईला अधिक कळतो, असे कबूल करायचे होते. मी म्हणालो, “टाइप करणारानं टाइप करावं. मजकुराची जबाबदारी माझी.” तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलेत आणि जसेच्या तसे टाइप केलेत.

अर्ज परत आला. कचेरीतला अधिकारी आबासाहेबांना सर्वांदेखत म्हणाला, “आमचा शोधायचा तरास वाचवला तुमी. आपलाच दोष लाल रेघ मारून दिला!” पुढे साठा मोजला गेला, रजिस्टर झाले, दोषदुरुस्ती अहवाल जोडला गेला. सर्व तुम्ही सांगितले तसेच झाले, परंतु महिना गेल्यावर. त्या महिन्यात तुमच्या गावच्या दावणी आठवडी बाजारात रिकाम्या झाल्या. गयाबाईंची एकुलती एक म्हैस त्यांतच गेली.

छावणी आली तेव्हा तिच्यात बांधायला जनावरे थोडी उरली होती आणि गावात राग पुष्कळ उरला होता. संस्थेची सभा बसली. मला बोलावणे आले. त्याच सभेपुढे सचिवाच्या नेमणुकीचा विषय होता आणि त्या जागेसाठी तुमचा अर्ज होता. बी.कॉम., टायपिंगच्या दोन्ही परीक्षा, सहकारी संस्थांच्या कामकाजाचा कोर्स. तो अर्ज तुम्ही स्वतः लिहिला होतात. मला दाखवलाही नव्हतात. त्याचा माझ्या मनात सल होता, हेही आज लिहून टाकतो.

“कुणी रं लिहिलं हे क्वालिफाइड?” मागून कोणीतरी ओरडले.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सभासद बंधूंनो, टंकलेखनात शब्दाचा घोटाळा झाला.”

ताई, आमच्या धंद्यात ‘झाला’ फार कामाला येतो. बांध फुटला. नोंद राहून गेली. मुदत टळून गेली. कोणी फोडला, कोणी राहू दिली, कोणी टाळली, हे साहेबाने विचारू नये म्हणून आम्ही वाक्य असे बांधतो की त्यात माणूस शिल्लकच राहू नये. पक्षकार वाचावा म्हणून मी हे कसब शिकलो. त्या दिवशी स्वतःसाठी वापरले. आणि सभेने वाक्यातली रिकामी जागा बघितली आणि तिच्यात तुम्हाला बसवले. सभेच्या वहीत, म्हणजे प्रोसिडिंगमध्ये, नोंद झाली: ‘टंकलेखिकेच्या चुकीमुळे छावणीस विलंब झाला.’ जबाबदारी माझी, हे माझे शब्द आबासाहेबांनी आपल्या कानांनी ऐकले होते. ते काही बोलले नाहीत. दोघांना सोयीचे पडेल असे वाक्य मी शोधून दिले होते.

पुढचा विषय आला. आबासाहेब म्हणाले, “बाई हुशार हाय. शिकलेली बी हाय. पर...”

आणि थांबले. त्या ‘पर’च्या पुढे काय, असे कोणीही विचारले नाही. आबासाहेबांच्या भाच्याची नेमणूक झाली.

कितीतरी महिन्यांनी, कोणाच्या तरी वारसाचा अर्ज लिहिताना, आबासाहेबांचे ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. हाच की तुम्ही सांगितलेला दुसरा अर्थ. मत चांगले, परंतु अडखळलेले. सभेने तुमच्याबद्दल क्वालिफाइड मत दिले होते. त्या ‘पर’च्या पुढे तुमचे घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे, एवढेच होते. तुमच्या आईने डेअरीत ओतलेले दूध सर्वांच्या दुधात मिसळलेले चालत होते. संस्थेची वही तुमच्या हातची चालणार नव्हती. एरवी ही गोष्ट कोणाला तरी तोंडाने उच्चारावी लागली असती, आणि आजकाल ती उच्चारताना माणसे दहादा इकडेतिकडे बघतात. मी त्यांची ती अडचण दूर केली. मी त्यांना कारण मिळवून दिले, आणि तेही लेखी. आमच्या भावकीतला कोणी त्या मशीनवर बसलेला असता, तर ते वाक्य माझ्या जिभेवर इतक्या सहज आले असते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. उत्तर मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात. मशीनवरचे फडके काढलेत, कागद लावलात, तो सरळ आहे का पाहिलात.

“भाऊ, काल सभेत ‘घोटाळा झाला’ म्हणलात म्हणं?”

“...हां.”

“व्याकरण बराबर हाय,” असे म्हणून तुम्ही टाइप करू लागलात.

सात वर्षांत या विषयावर तुम्ही माझ्याशी एवढेच बोललात.

मी प्रयत्न केला नाही असे नाही. पाटी नव्याने रंगवून घेतली आणि तो शब्द काढून टाकला. तुम्ही पाहिलेत आणि म्हणालात, “एक एल काढा म्हणलं होतं. आख्खा शब्दच काढला व्हय?” पुढे एकदा नारायणगडाच्या यात्रेला गेलो होतो, तिथून तुमच्यासाठी रेवड्या आणल्या. पुडी पुढे करून मी घसा खाकरला, तोच तुम्ही म्हणालात, “रेवड्या द्या. भाषण ऱ्हाऊ द्या.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ नीट करीत बसलात. हेच मला उमगले नाही, ताई. तुम्ही माझ्याशी भांडला असता, टेबल उचलून फाटकाच्या दुसऱ्या बाजूला नेले असते, तर मी कसा वागलो हे मला ठरवता आले असते. तुम्ही माझ्या चुका दुरुस्त करीत राहिलात. एक तेवढी माझ्याकडे ठेवलीत.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी आलो होतो. तुम्हाला डोळा लागला होता. झोपमोड नको, असे मी स्वतःला सांगितले आणि परत फिरलो. सांगायला चांगले कारण सापडले की मी नेहमीच परत फिरतो. झोपमोड करायला हवी होती.

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या नावे अर्ज लिहिला. विषय: प्रोसिडिंगमधील चुकीच्या नोंदीची दुरुस्ती. आबासाहेब अजून चेअरमन आहेत. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारले, “अर्जनवीस, तुमी संस्थेचे सभासद हाव का?”

“न्हाई.”

“मग कोणत्या अधिकारात अर्ज देता? लोकांना तर तुमीच सांगता, अर्जदार पात्र लागतो म्हणून.”

“चूक माझी हाय, आबासाहेब. तुमाला ठाऊक हाय.”

“बाई गेली. आता कुणाचं काय अडलंय? उगं उडून गेलेली माशी आपल्या हातानं अंगावर कशाला घेता?”

अर्ज मी घडी घालून परत आणला. नियमाने त्यांचे चूक नव्हते. तुमच्या घरात संस्थेच्या सभासद फक्त गयाबाई आहेत. दुसरी म्हैस घेतल्यापासून त्या पुन्हा दूध घालतात. अर्ज देण्याचा अधिकार त्यांचा होता. म्हणजे मला त्यांच्या दारात जाऊन हे तोंडाने सांगणे आले.

गयाबाई अंगणात कडबा तोडत होत्या. मी उभ्यानेच सांगितले. प्रत्येक वाक्यात ‘मी’ घातला. मुद्दाम घातला, कारण दर वेळी जीभ ‘झाले’कडे वळत होती. त्यांचा कोयता थांबला नाही.

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या.

“ताईंनी सांगितलं?”

“तिनं कशाला सांगावं? सात वर्सं झाली, आमच्या गावात आलात का तुमी माझ्या दारावरनं मान खाली घालून जाता. तुमची माझी ना सोयरीक ना भांडण. मान कावून खाली?”

माझी मान तेव्हाही खालीच होती.

“म्या तिला म्हणलं व्हतं, जाऊन विचार त्याला चौघांत. तर म्हणली, माय, रोज शेजारी बसायचं हाय. त्याचं त्याला कळतंय. कळलं का तोच सांगंल.” त्यांनी पेंढी बाजूला सारली. “लईच उशीर केला तुमी.”

मी मान हलवली. त्यांनी पदराला हात पुसले.

“लिहा. पर म्या सांगते तसं. तुमचं सदरहू-फदरहू नको.”

त्यांनी तीन वाक्ये सांगितली आणि मी ती लिहिली: ‘माझ्या लेकीनं चूक केली नाही. चूक ह्या अर्जनवीसानं केली. वहीत माझ्या लेकीवर चूक लिहिली आहे ती काढा.’ माझे पेन सवयीने पुढे सरकले.

“आता काय लिहिता?”

“ही नम्र विनंती.”

“नम्र कावून?”

मी पेन उचलले. तीस वर्षांत मी लिहिलेल्या अर्जांमध्ये तो सर्वांत लहान अर्ज आहे आणि त्यातला एकही शब्द माझा नाही. गयाबाईंनी खाली सही केली. अक्षरे तुम्ही गिरवून घेतलेली होती. ‘ग’ची उभी रेघ तुमच्यासारखीच किंचित मागे झुकते.

तुमचे मशीन मी उघडले नाही. अर्ज हातानेच लिहिलेला दिला. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. तुम्ही मला माफ केले होतेत की नुसते सोसले होतेत, हे मला आता कधी कळणार नाही. ‘त्याचं त्याला कळतंय’ या तुमच्या वाक्यात माझ्याबद्दल जो भरवसा आहे, त्याला मी सात वर्षे लायक नव्हतो. इथे मला हाच शब्द लागतो, ताई. तुमचे तीन इंग्रजी शब्द लावून पाहिले, बसत नाहीत. आपला वाद एवढ्यापुरता तरी मी जिंकलो असे धरतो. तुम्ही हरकत घेतली असतीत. ती काय घेतली असतीत, ते ऐकण्यासाठी मी पुष्कळ काही दिले असते.

गेल्या आठवड्यात सभा झाली. संस्थेच्या खोलीत बारा-पंधरा सभासद होते. गयाबाई दाराशी उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. आबासाहेबांचा भाचा, म्हणजे सचिव, याने अर्ज वाचला. वाचायला अर्धे मिनिटही लागले नाही.

“अर्जनवीस,” आबासाहेब म्हणाले, “हे खरं हाय?”

“खरं हाय. मजकूर मी लिहिला. ताईंनी मला थांबवलं, तरी मी ऐकलं न्हाई. मग सभेत खोटं बोललो. आबासाहेब, तुमी बी व्हते तवा तिथं.”

आबासाहेब वरच्या पंख्याकडे बघत होते. मग म्हणाले, “असं करू. चूक दोघांची झाली म्हणून लिहू. मिटवून टाकू.”

“दोघांची न्हाई,” गयाबाई म्हणाल्या.

“अवो गयाबाई, आता एवढ्या वर्सांनी...”

“दोघांची न्हाई.”

मागच्या एका म्हाताऱ्या सभासदाने तंबाखूची डबी मिटली. “लिवा की खरं ते,” तो म्हणाला. “माझी बी दोन जनावरं गेलती त्या साली. सात वर्सं म्या पोरीला शिव्या दिल्या.”

आबासाहेबांनी जुने प्रोसिडिंग काढायला लावले. सचिवाने ती ओळ शोधली, तिच्यावर आडवी रेघ मारली, आणि नव्या पानावर ठराव लिहिला की सदर चूक टंकलेखिकेची नसून अर्जनवीस यांनी केली आहे. माझे नाव त्यांनी पूर्ण लिहिले. आबासाहेबांनी सही केली. सही करताना ते माझ्याकडे किंवा गयाबाईंकडे बघत नव्हते.

शिक्का कपाटात होता. तो आणायला सचिव उठला. तेव्हा गयाबाई दारापासून चालत आत आल्या, टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या खुर्चीत बसल्या.

“गयाबाई, ती सचिवाची खुर्ची हाय,” कोणीतरी म्हणाले.

“ठाऊक हाय.”

त्यांनी वही आपल्यापुढे ओढून घेतली आणि ओल्या शाईवर बोट लागू नये म्हणून दोन्ही हात कडेला ठेवले. सचिव शिक्का हातात धरून उभा राहिला. त्यांना उठा म्हणण्यास कोणी धजले नाही.